अंगचं तेल

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र. अमरावतीच्या एका कॉलेजात आलो तेव्हा माझ्यावर हळदकुंकू पडलं, झेंडूची माळ चढली. आता झाकणावर विभागप्रमुख देवराव सरांचा चहा असतो. कपाच्या बुडाचे ते गोल डाग, एवढंच त्यांचं संशोधन.

मित्रांनो, प्रत्येक पेशीभोवती तेलकट, पातळ भिंत असते. त्या भिंतीत काही प्रथिनं दारासारखी बसलेली. पाणी त्यांच्यातून ये-जा करतं. असं दार अभ्यासाला काढायचं तर साबणानं भिंत सैल करावी लागते. पण बेतानं. दाराला बिलगलेलं थोडं तेल त्याच्यापाशीच राहू द्यावं लागतं. हे मला, लोखंडाला, कळतं. सरांना कळत नाही.

ज्योत्स्ना सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी, वरूडची. तिच्या बाबांच्या बागेतलं एक संत्र्याचं झाड भर उन्हाळ्यात हिरवं राहायचं. त्याच्या मुळांमधलं पाण्याचं दार ती शोधत होती. यंदा ते झाड वादळात पडलं. त्याच्या मुळांच्या अर्काच्या उरल्या दोन नळ्या. त्या गेल्या की तिची तीन वर्षं गेली.

सरांनी एक नळी उजेडात धरली.

“हे तेलकट काहून ठेवलं वं?”

“सर, ते त्याचं अंगचं तेल हाय. पुरं धुतलं त मरते ते.”

“प्रोटीन हाय का तान्हं लेकरू? उद्या तपासणीले लोक येऊन राहिले, अन् हिचं तेलपाणी चालूच.”

त्यांनी न मोजता साबण ओतला. दुसऱ्या नळीकडे हात गेला, तशी ती ज्योत्स्नानं मुठीत घेतली.

“ही राहू द्या, सर.”

“राहू दे. तुलेच पदवी नसन पाहिजे.”

आपल्या नळीत तिनं मोजून थोडाच साबण घातला आणि दोन्ही नळ्यांचं वजन सारखं केलं. एकीवर चिठ्ठी लावली ‘देवराव सर’, दुसरीवर ‘ज्योत्स्ना’. झाकणावरचा कप बाजूला सारला, नळ्या समोरासमोर ठेवून मला सुरू केलं.

फिरताना मी कुणाची भीड ठेवत नाही. विस्कटून गोळा झालं ते तळाशी, शाबूत राहिलं ते वर.

झाकण उघडलं. सरांच्या नळीच्या बुडाशी पांढरा गोळा. तिची नळी नितळ.

“मशीनच जुनी हाय,” सर म्हणाले. “भंगारात काढा तिले. अन् ही नितळवाली उद्या दाखवजो. माह्याच पद्धतीनं झाली म्हणाव.”

“दाखवतो न, सर. दोन्ही दाखवतो. चिठ्ठ्यासकट.”

सरांनी कप उचलला आणि ते निघून गेले. पहिल्यांदाच त्यात चहा अर्धा राहिला होता.

मला खुशाल भंगारात घाला, मित्रांनो. पुसायचेच असतील तर माझ्यावरचे डाग पुसा. जे अंगच्या तेलावर जगतं, त्याला उगाच घासू नका.