एक म्हणजे पहिली

वाफेच्या रोलरमधून बाहेर आलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरली, एकदा झटकली आणि चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक जुळवलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात हे काम बोलत बोलतच करायचं असतं, नाहीतर दिवस सरत नाही. बिट्टीच्या आईने घडी ढिगावर ठेवली आणि ॲप्रनला हात पुसत खिशातून दोन कागद काढले.

"माई, एक गंमत दाखवते. आधी हात कोरडे करा."

माई त्या खात्यातली सगळ्यात जुनी बाई. जन्म इथलाच, सासर दोन गल्ल्या पलीकडे. तीन मुलं आणि पाच भाचरं इथल्याच शाळांतून काढलेली. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"गुणपत्रक आहे," बिट्टीची आई म्हणाली. "गणितात एक, भाषेत एक, विज्ञानात दोन. वर्षभर तसंच. नवीन गाव, नवीन शाळा, तरी पोरगी हटली नाही बघा. आणि ही चिठ्ठी परवा आली. आठवीला कार्यशाळेची शाखा मिळालीये, हुशार पोरांनाच देत असतील. ह्यांनी तर कामावर सगळ्यांना सांगून झालं."

माईने गुणपत्रक वाचलं. मग चिठ्ठी वाचली. मग पुन्हा गुणपत्रक. तेवढ्यात आणखी एक चादर रोलरमधून सरकत आली, पण तिने हात पुढे केला नाही.

"तुमच्याकडे एक म्हणजे काय गं?"

"एक म्हणजे पहिली श्रेणी. उत्तम. आणि पाच म्हणजे नापास. का?"

माईने चष्मा काढला. "इकडे उलटं असतं," ती म्हणाली. "सहा म्हणजे उत्तम. एकाच्या खाली काही नसतं."

बिट्टीची आई हसली. "काहीतरीच काय माई."

माईने कागद उलटा केला आणि तिच्यासमोर धरला. मागे बारीक अक्षरांत एक चौकट छापलेली होती. सही पुढच्या बाजूला करायची असते. मागची बाजू कोणी पाहिलीच नव्हती. बिट्टीच्या आईने चौकट वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. रोलरमधून आलेल्या चादरीचा फरशीवर ढीग झाला होता आणि त्यावर दुसरी येऊन पडत होती.

*

बिट्टीचा बाप फरशा बसवायचा. समुद्राकडच्या प्रांतात त्याचं चांगलं चाललं होतं. पण इकडे, डोंगराच्या बाजूला, नवं विमानतळ उभं राहत होतं आणि ठेकेदाराने त्याच्या हाताची सफाई पाहून बोलावून घेतलं. दोघांनी फार विचार केला नाही. देश तोच, नाणी तीच, भाषाही तीच. इकडचे लोक थोडं हेल काढून बोलतात एवढंच. घर कुठे मिळेल, थंडी सोसेल का, याची चौकशी त्यांनी दहा जणांकडे केली. शाळेची कोणाकडेच केली नाही. शाळा ती शाळा, त्यात काय विचारायचं?

बायकोने गुणपत्रकाचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नखांतली सिमेंटची पांढरी रेघ ब्रशने घासूनही पुरती गेली नाही. शाळेच्या दारात तो क्षणभर थांबला. तिकडे पोराने काच फोडली, मारामारी केली, तरच बापाला शाळेत बोलावणं येई. शिपाई घरी येई आणि गल्ली खिडक्यांतून बघे. सहा वर्षांत बिट्टीच्या शाळेची पायरी चढावी लागली नाही, हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

वर्गशिक्षिकेने नवरा-बायकोला मुलांच्याच बाकावर बसवलं. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून तो तिरका बसला. बाई चाळिशीच्या होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी एक फाइल उघडली.

"मी वर्षभरात चार पत्रं पाठवली होती."

"मिळाली," तो म्हणाला. "प्रत्येकावर सही करून परत पाठवली."

"त्यांत भेटायला या म्हणून लिहिलं होतं."

"आपली इच्छा असल्यास भेटावे, असं होतं." शब्द त्याला पाठ होते. "इच्छा असल्यास. म्हटलं, गरज असती तर तुम्ही बोलावलं असतं. उगीच कशाला तुमच्या कामात."

बाईंनी मान वर केली. "आम्ही असंच बोलावतो," त्या म्हणाल्या.

खिडकीबाहेर मैदानावर कोणी शिट्टी वाजवली. बिट्टीच्या आईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ती तिकडे वर्गात दुसरी यायची हो," ती म्हणाली. "कधी पहिली, कधी दुसरी."

"यायची असणार. तुमच्याकडचा अभ्यासक्रम वेगळा आहे. आमच्याकडे बीजगणित पाचवीतच सुरू होतं, तुमच्याकडे आठवीत. बाहेरून आलेली मुलं पहिल्या तिमाहीत मागे पडतातच, आम्ही ते धरूनच चालतो. पुढे बहुतेक जण भरून काढतात." बाईंनी एक पान उलटलं. "हीसुद्धा काढेल असं वाटलं होतं. पहिले दोन महिने रोज शाळा सुटल्यावर थांबायची. बाई, हे पुन्हा सांगा, ते पुन्हा सांगा. मग पहिलं गुणपत्रक घरी गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून थांबणं बंद झालं. प्रश्न बंद झाले. मला वाटलं, घरी कोणी फार बोललं असेल. म्हणूनच तर पत्रं पाठवत होते."

"कोणी काही बोललं नाही," बिट्टीची आई म्हणाली. "आम्ही शाब्बास म्हणालो."

 बाईंनी फाइलमधलं एक पान उगाचच सरळ केलं.

"तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय," बाप म्हणाला. "लहानपणापासून. कार्यशाळेतून तसं होता येतं का?"

"कार्यशाळेत हाताची कामं शिकवतात. सुतारी, वीजकाम, शिवण. काम चांगलं शिकवतात, लगेच नोकऱ्या लागतात. पण महाविद्यालयाचा रस्ता तिथून जात नाही."

"हाताच्या कामाला मी कसा नावं ठेवणार? माझं पोट त्यावरच आहे. पण आमच्याकडे ही वाटणी दहावीनंतर होते. मोठी परीक्षा होते, पोरं स्वतः ठरवतात. आम्ही म्हटलं, अजून तीन वर्षं आहेत."

"इकडे सातवीनंतर होते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात."

"चिठ्ठी तीनच दिवसांपूर्वी आलीये."

"ती प्रवेशाची. हरकतीची त्याआधी आली होती." बाईंनी फाइलमधून कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. हरकत नसल्यास सही करावी. खाली त्याचीच सही होती, नेहमीसारखी ठसठशीत, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली.

त्याने त्या रेघेवर अंगठा ठेवला.  मग म्हणाला, "आता काहीच नाही होणार?"

"दोन वर्षांनी एक परीक्षा असते. ती पास झाली तर परत इकडे येता येतं." बाईंनी खोटी आशा लावली नाही. "फार थोडी मुलं बसतात. त्यांतली फार थोडी येतात."

*

ते घरी पोचले तेव्हा बिट्टी येऊन बसली होती. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ती मोजे उलटे करून घडी घालत होती. दोघांना एकत्र, दिवसाउजेडी, बाहेरच्या कपड्यांत पाहून तिचे हात थांबले.

"शाळेत गेला होतात?"

"हो," आई म्हणाली.

"बाई काय म्हणाल्या?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता. एक गाठ सुटत नव्हती.

"म्हणाल्या, तू आधी रोज थांबायचीस. मग नाही थांबलीस."

बिट्टीने मोज्याची घडी मांडीवर ठेवली. तेरा वर्षांची पोर, पण गेल्या वर्षभरात तिची बोलण्याची पद्धत मोठ्या माणसासारखी झाली होती. आधी विचार, मग शब्द. आईला वाटायचं, नव्या गावात शहाणी झाली.

"पहिलं गुणपत्रक मिळालं ना," ती म्हणाली, "तेव्हा मी एक तास जिन्यातच बसले होते. घरात यायची हिंमत होत नव्हती. एक, एक, दोन. मला वाटलं, बाबा काय करतील. माझ्या शेजारी बसते ना, तिला दोन मिळाला तर तिचे बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आणि तुम्ही कागद बघितलात आणि मला चक्क उचललंत. एवढी मोठी झालेय तरी. शाब्बास म्हणालात. असंच चालू दे म्हणालात."

बापाच्या हातातून नाडी सुटली.

"चित्रकलेत पाच होते," ती म्हणाली. "तेवढे एकच चांगले होते. तुम्ही म्हणालात, चित्रकलेचं जाऊ दे, त्याच्यासाठी जीव जाळू नकोस. म्हटलं, बाबा म्हणतायत तर ठीक. मग मी तेपण सोडलं."

शेवटच्या तिमाहीत चित्रकलेत तीन आले होते. बघ, त्यातही सुधारली, असं म्हणून त्याने तो कागद दिव्याखाली धरला होता.

"बाबा," बिट्टी म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना, एक म्हणजे काय ते?"

खाली कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. तो लेकीकडेच पाहत होता. तिने वर्षभर जपून ठेवलेली ती एक गोष्ट, बाबांनी आपल्याला तशीच्या तशी उचलून घेतलं, ती त्याला तिच्या हातातून काढून घेववेना.

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

बिट्टीने मान हलवली. हळूहळू, दोनदा. तिने मोज्याची घडी उचलली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे तुम्हालाही तेव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली, "की मला एवढंच जमेल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादं गणित सुटल्यावर उत्तराखाली रेघ ओढावी, तसा तो सरळ होता. 

"नाही गं," आई म्हणाली. ती अजून दाराशीच उभी होती, खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नव्हती. "खोटं बोलतायत ते. नव्हतं माहीत. त्यांनाही नव्हतं, मलाही नव्हतं. आपल्याकडे एक म्हणजे पहिला, म्हणून आम्हाला वाटलं, तू पहिली आलीस. काल माईने सांगितलं तेव्हा कळलं मला. अडाण्यासारखे वर्षभर नाचत होतो आम्ही."

बिट्टी आईकडे बघत राहिली. मग बाबांकडे. कोणाचं खरं, हे ती चेहऱ्यांवरून ताडून पाहत होती. बापाने मान खाली घातली, तेव्हा तिला कळलं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला समजावत नव्हता," ती म्हणाली. "तुम्हाला खरंच आनंद झाला होता."

"हो."

"आणि तुम्हाला कळलं असतं तर?"

त्याने बुटाची नाडी पुन्हा हातात घेतली.

"सांगा ना. रागावला असता?"

"रागावलो असतो," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "खूप रागावलो असतो. दुसऱ्या दिवशी कामाच्या कपड्यांतच तुझ्या शाळेत जाऊन बसलो असतो. तुला ते बीजगणित का काय ते येईपर्यंत उठलो नसतो."

"ओरडला असतात?"

"ओरडलो असतो."

बिट्टीच्या हनुवटीखालचा स्नायू एकदा हलला. वर्षभरात ती एकदाही त्यांच्यासमोर रडली नव्हती. तेही शहाणपणच वाटलं होतं त्यांना. ती उठली, त्याच्या पायाशी फरशीवर बसली, आणि न सुटलेली ती गाठ नखाने सोडवू लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिने हात मोकळा केला नाही.

"मग ओरडा ना आता," ती म्हणाली.