जास्तीचा राऊटर

दुबई मरीनातल्या एकतिसाव्या मजल्यावरचा संसार शैलेंद्रने चार शुक्रवारांत विकला. सोफा गेला, फ्रिज गेला, ईशानीची सायकलसुद्धा गेली. उरला तो जास्तीचा राऊटर. मागच्या खोलीत नेट पोचत नाही म्हणून घेतलेला. तो फुकटही कुणी नेईना. २००९ साली दुबईत प्रत्येकाकडे काही ना काही जास्तीचं होतं. कंपन्यांकडे माणसं होती.

शैलेंद्र त्यांपैकी एक. ज्या टॉवरचं सिमेंट-लोखंड मोजायची त्याची नोकरी होती, तो टॉवर वाटेतच थांबला. पुढे निम्म्या पगारावर दुसरं काम मिळालं, बायको शोभना आणि मुलगी ईशानी एप्रिलात पुण्याला गेल्या, आणि त्यांच्यामागे सगळं विकून तो बर दुबई या जुन्या वस्तीत बेडस्पेसवर राहायला आला. म्हणजे प्लायवूडच्या आडोशामागे, दुमजली पलंगाच्या तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर गुहागरकडचा महादू होता, प्लंबर.

ईशानीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिचं दहावीचं वर्ष. आपल्याकडे दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत मरणाच्या बातम्यासुद्धा थोपवून धरतात. इथे तर नुसती नोकरी गेली होती. "पुण्यात क्लास चांगले आहेत," एवढंच शोभनाने तिला सांगितलं. नवऱ्याला म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत तू मरीनातच राहतोस. लक्षात ठेव."

मरीनात राहायचं तर व्हिडिओ कॉल हवा, आणि त्याला नेट. नेट होतं फ्लॅट चालवणाऱ्या बदरुद्दीनभाईंच्या खोलीत. दोन भिंती ओलांडून शैलेंद्रच्या पलंगापर्यंत येता येता ते दमून जाई. राऊटरने तोवर महिनाभर टेबलफॅनला टेकू म्हणून नोकरी केली होती. शैलेंद्रने लांबलचक केबल आणली, बदरुद्दीनभाईंना विचारून स्वयंपाकघरातून ओढून घेतली आणि राऊटरला पलंगाखाली बसवलं. त्या वर्षी त्या खोलीत झालेली ती एकमेव बढती.

"केबल केवढ्याची ओ, साहेब?" महादूने वरून विचारलं.

"पंधरा दिरहम."

"म्हणजे एकशे ऐंशी रुपये. तेवढ्यात आमच्याकडे कोंबडा येतो."

दोन दिवसांत कोंबड्याचं नाव निघेनासं झालं. नेटवरून गावी स्वस्तात फोन लावायचं कार्ड सगळ्यांकडे होतं. ते कायद्यात बसत नव्हतं. पण त्या खोलीत आठ माणसंही कायद्यात बसत नव्हती. महादू बायकोशी, रंभाशी, रोज बोलू लागला. राऊटर गरम राहतो हे कळल्यावर त्यावर मोजेही वाळू लागले.

शैलेंद्रने पलंगामागे मरीनाच्या हॉलमधला पडदा टांगला. दर शुक्रवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यापुढे बसे.

मार्च उजाडला. ईशानीचा गणिताचा पेपर सोमवारी होता. शुक्रवारी ती बोलता बोलता थांबली.

"बाबा, डिड यू ओपन द विंडो? अजान केवढ्याने ऐकू येतेय."

"हो, जरा हवेला."

"आपल्या खिडक्या उघडत नाहीत."

तीन वर्षं त्या काचांसमोर चहा पिऊनही हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो वाकला आणि त्याने राऊटरचा प्लग ओढला.

"गेलं काय ओ?" वरून महादू. "आईस ताप किती ते सांगत होती रंभा."

शैलेंद्रने प्लग परत लावला. राऊटरला शुद्धीवर यायला दोन मिनिटं लागत. तेवढ्यात त्याने कारणं तपासली: मित्राकडे आलोय, एसी बिघडलाय, काच बदलतायत. तिन्ही चालण्यासारखी होती.

लॅपटॉप वाजला.

"काच बदलायला माणसं आलीत गं, म्हणून—"

"इट्स ओके, बाबा. आय नो." तिने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "दिवाळीपासून. माझ्या तिथल्या वर्गातल्या वैभवीचे बाबा भाड्याने फ्लॅट शोधत होते, त्यांना आपलाच दाखवला. रिकामा. तिने मेल केली होती."

शैलेंद्रने इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

"आईला सांगू नकोस. तिला वाटतं, मला माहीत नाही. एक्झाम होईपर्यंत तिला टेन्शन नको."

"नाही सांगत."

"झोपतोस कुठे? दाखव ना."

त्याने लॅपटॉप फिरवला. प्लायवूड, खिळ्यांवरचे शर्ट, लोखंडी शिडी, आणि वरून लोंबणारे दोन पाय.

"हे कोण?"

"महादूकाका."

महादूने उलटं डोकं खाली काढलं. "उतरला ताप," तो शैलेंद्रला म्हणाला, मग लॅपटॉपमधल्या मुलीला, "काय बाळा, पेपर कसे चाललेत?"

"चांगले. काका, बाबा नीट जेवतो का?"

"जेवतात की. चपात्या मी करतो, त्यांचे हात भाजतात. बाकी तुझ्या गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसलेले असतात. चुकतं मग, की परत पहिल्यापासून."

"कुठली गणितं चुकतात?" तिने विचारलं, पण ती आता कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

तिकडे दार वाजलं. ईशानीने हातानेच खूण केली. शैलेंद्रने घाईने लॅपटॉप वळवला, शर्टाची कॉलर नीट केली.

"मग, बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "समुद्र कसा आहे आज?"

"शांत आहे."

"चल, आटप आता," मागून शोभना म्हणाली. तिचा आवाज चांगला निश्चिंत होता.