दुखणं पिणारे दगड

कुंडलच्या फाट्यापासून महाराजांच्या मठापर्यंत माणसांची रीघ लागली होती. वाटेत विजेच्या दर दोन खांबांमागे एक शेंदूर फासलेला दगड. पोटरी भरून आली की तिला महाराजांचा काळा दोरा बांधून दगडावर बसायचं आणि महाराजांचं नाव एकशे आठ वेळा घ्यायचं.

"दुखणं दगड पितो, बाळांनो! गोळ्या वढ्यात सोडा!" महाराज गर्जायचे.

आणि लंगडत आलेली माणसं जप संपला की खरंच ताठ चालायची. सगळ्यांत पुढं तात्याबा!

भाऊसोंना हे सोसवेना. दोघं एकाच पलटणीतून निवृत्त झालेले, दोघांच्याही पोटऱ्यांत चालताना गोळे यायचे. पण तात्याबा दुसऱ्या खांबाला अडायचे, भाऊसो तिसऱ्याला. ही एका खांबाची आघाडी म्हणजे भाऊसोंची म्हातारपणची शान. आता तात्याबा पार मठापर्यंत!

"आवं, तुमीबी बांधा की दोरा," बायको शालूबाई म्हणाली. "तात्याबांनी गोळ्यासुदीक टाकल्या."

"त्या दुसऱ्या खांबाच्या माणसाच्या मागनं? न्हाई!"

पण जळणाऱ्याचा डोळा लय बारीक. सकाळी भाऊसो लपतछपत तात्याबांच्या मागं निघाले. तात्याबा दोन खांब चालले, बसले. परत दोन खांब, परत बसले. म्हणजे गडी अजून दुसऱ्याच खांबाचा! भाऊसोंना पेढे वाटावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी ते दोऱ्याशिवाय निघाले. पाय भरला की बांधावर टेकायचे, उतरला की उठायचे. असं करत मठात पोचले आणि गर्दीसमोर म्हणाले, "महाराज, दोरा न्हाई, दगड न्हाई. तुमच्या नावाऐवजी एकशे आठ येळा तात्याबाला शिव्या घातल्या. तरी दुखणं पळालं!"

"माझ्या हद्दीतली हवाच तशी हाय!"

"मग दोरा कशाला बांधताय?"

गर्दी खदखदली. तात्याबा मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच चप्पल काढली. अंगठा काळानिळा पडला होता.

भाऊसोंचं हसू विरलं. "उठ रं गड्या, सांगलीला चल."

दवाखान्यात डॉक्टर अंकिता म्हणाल्या, "पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, काका. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून गोळा येतो. बसलं की गरज कमी होते, दुखणं थांबतं. दगड काही पीत नाही. तंबाखू बंद, गोळ्या चालू. अंगठा बरा झाला की दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. रोज. आणि अंगठा असा दिसला, तर त्याच दिवशी यायचं!"

बुजलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली आणि अंगठा थोडक्यात वाचला. काही महिन्यांत तात्याबा न थांबता चौथ्या खांबाला पोचले. भाऊसो तिसऱ्यालाच. त्यांनी खिशातली तंबाखूची पुडी चोरून ओढ्यात फेकली.

तर मंडळी, कुणी दोऱ्याचा गुण सांगितला, तर एकदा दोऱ्याशिवाय तेवढंच चाला आणि तेवढंच बसून बघा. एवढ्या पारखीला शिक्षण लागत नाही. शेजाऱ्यावर थोडं जळता आलं तरी पुरतं.