ठुशीखालची जागा

"मेलं गालाला गार लागतं आणि गळ्याला चावतं," सीताबाई पुटपुटल्या. "एक काहीतरी कर ना रे बाबा."

मित्रांनो, ही तक्रार माझ्याबद्दल होती आणि ती मी फार जवळून ऐकली, कारण त्या वेळी माझं तोंड त्यांच्या हनुवटीखाली टेकलेलं होतं. उत्तर द्यायची सोय माझ्यात नाही. मला फक्त 'टुक' असा एक आवाज करता येतो. तो मी केला. सीताबाईंना वाटलं, मी हो म्हणालो.

आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण वयानं मोठे असतात. जुना कंदील, जुनी छत्री, जुनं घड्याळ. मी जुना नाही. माझं अजून वर्षही भरलेलं नाही, आणि सांगण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं घडून गेलं आहे. मी चेहऱ्याची आणि मानेची सैल कातडी आवळायचं यंत्र आहे. साबणाच्या वडीएवढा, पांढरा, पुढे दोन चंदेरी गोळे. त्या गोळ्यांतून मी बारीकशी वीज सोडतो, इतकी बारीक की गालावरून मुंगी गेली की काय अशी शंका यावी. मला कोरडी कातडी मात्र चालत नाही. आधी हातानं जेल चोपडायचं, मग मला फिरवायचं. जेल नसलं की वीज पसरत नाही, एकाच जागी टोचते. आणि कातडीचा नीट स्पर्श झाला नाही की मी टुक करतो. म्हणजे माझी टुक ही खरं तर तक्रार असते.

दूरच्या कुठल्याशा गावातल्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं. माझ्यासारखे शेकडो जण पट्ट्यावरून पुढे सरकत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एखाद्या नटीच्या आरशासमोर जाणार. मी आलो बनारसला, दुर्गाघाटाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कोनाड्यात. एका बाजूला कुंकवाचा करंडा, दुसऱ्या बाजूला गंगाजलाचा तांब्या. मला ती जागा आवडली. तिथून आरसा दिसायचा आणि पुढच्या खोलीतलं बोलणं ऐकू यायचं.

मला आणलं मालविकानं, सीताबाईंच्या लेकीनं. ती पुण्याला नोकरी करते. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, आणि सीताबाई फोनवर तिला म्हणाल्या होत्या, "फोटोत माझा गळा कसा दिसेल गं? कातडी लोंबायला लागलीय." मालविकानं फोनच्या पडद्यावर आईच्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थांब, त्यावर उपाय आहे." तो उपाय म्हणजे मी. गणपतीला ती घरी आली, तेव्हा मी तिच्या बॅगेत होतो.

त्या संध्याकाळी घरातले सगळे माझ्याभोवती बसले. सगळे म्हणजे चारच जण. सीताबाई, मालविका, सीताबाईंचे यजमान विश्वेशगुरुजी आणि गुरुजींची बहीण मृणालिनीताई. गुरुजी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं करतात. मृणालिनीताई मुलींच्या शाळेत शिकवून रिटायर झाल्या आणि आता घरातल्यांना शिकवतात.

"वहिनी, लग्न लेकीचं आहे की तुमचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कशाला जळताय, वन्सं? तुमच्या गुडघ्यालाही लावून देते."

"गुडघा आवळून काय करू? परिक्रमेला पळत जाऊ?"

सगळे हसले. मालविकानं माझ्याबरोबरचा कागद उघडला आणि इंग्रजीतलं मराठी करून वाचायला लागली. "रोज पाच मिनिटं, जास्त नाही. आधी जेल. छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी लावायचं नाही. फिट येणाऱ्यांनी नाही. पोटात बाळ असेल तर नाही. गळ्याच्या मधोमध कधीच फिरवायचं नाही, बाजूबाजूनं फिरवायचं."

पुढची ओळ अशी आहे: कुठे गाठ किंवा कारण न कळलेली सूज असेल, तर हे यंत्र लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. ही ओळ मालविकानं डोळ्यांनी वाचली, तोंडानं वाचली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "बाकी नेहमीचंच आहे."

गुरुजींचा अडकित्ता मध्येच थांबला होता, तो पुन्हा चालू झाला. मृणालिनीताई पदरानं चष्मा पुसायला लागल्या. सीताबाई उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या.

मी नवीन होतो. मला त्यातलं काही कळलं नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी. गालाची कातडी मळलेल्या कणकेसारखी असते, माझ्याखाली मऊ हलते. हनुवटीखालचीही तशीच. पण गळ्याच्या मधोमध, किंचित उजवीकडे, एक जागा कातडीसारखी नव्हती. सुपारीएवढी, टणक. मी तिच्यावरून घसरायचो. सीताबाई मला पुन्हा तिथेच आणायच्या. जिथे मला न्यायचंच नव्हतं, तिथेच मला सगळ्यात जास्त वेळ ठेवलं गेलं.

मी टुक केलं. त्या म्हणाल्या, "हं, शाबास."

मग माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. "बरं दिसतंय हं," गुरुजी म्हणायचे, गळ्याकडे न बघता. "फरक पडतोय आई," मालविका फोनवर म्हणायची. माझी टुक ऐकली की मृणालिनीताई म्हणायच्या, "बघा, पास झालात." सीताबाई मला पदरानं पुसून ठेवायच्या, करंड्याला पुसत तसंच. इतकं प्रेम माझ्या पट्ट्यावरच्या भावंडांना कुठे मिळालं असेल, असं मला वाटत नाही. आणि मित्रांनो, त्याचंच मला सगळ्यात जास्त दुःख आहे. ती गाठ मी केली नाही, मला वाढवताही येत नाही, वितळवताही येत नाही. पण ज्यांना तिच्याकडे बघायचं नव्हतं, त्यांची माझ्यामुळे सोय झाली. आई काहीतरी करते आहे ना, एवढं प्रत्येकाला पुरलं.

त्यांना बघायचं का नव्हतं, तेही सांगतो. कोनाड्यात माझ्यामागे एक डबी आहे. तिच्यात ठुशी आहे, बारीक सोन्याच्या मण्यांची, गळ्याशी घट्ट बसणारी, मागे दोर आणि गोंडा. ती सीताबाईंच्या थोरल्या बहिणीची, नीरजाताईंची. त्या नागपूरला असत. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोत तीच ठुशी आहे. शेवटचं वर्षभर त्यांनी ती गळ्यातून काढलीच नव्हती. लोक म्हणायचे, हौशी आहे बाई. ठुशी उतरली ती हॉस्पिटलात, आणि तिच्याखाली काय होतं ते सगळ्यांना तेव्हा दिसलं. मग ती डबी काशीला आली. या घरात नीरजाताईंच्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. "ताईला ते झालं," एवढंच म्हणतात.

"ताई, तुझी ठुशी घालायचीय मला मालूच्या लग्नात," सीताबाई आरशाकडे बघून म्हणायच्या. आणि कधीकधी, मला गळ्यावर दाबून धरत, "एकदा मार्गशीर्ष पार पडू दे. आत्ता कुणाला कळलं तर पोर लग्न मोडून बसेल माझ्या उशाशी." त्या वेळी खोलीत त्यांच्याशिवाय फक्त मी असायचो.

कार्तिक लागला आणि जेल संपलं. मालविकाला सांगितलं तर ती विचारणार, पाच मिनिटं लावून इतक्या लवकर कसं संपलं? म्हणून सीताबाईंनी शेजारच्या तांब्यात बोटं बुडवली आणि गळ्याला गंगाजल लावलं.

"गंगाजलानं आजवर कुणाचं वाईट झालंय का?" त्या म्हणाल्या.

"पाप जातं असं ऐकलंय," मृणालिनीताई म्हणाल्या. "सुरकुत्यांचं दादाला विचारायला हवं."

पाणी ते पाणीच. दोन मिनिटांत वाळायचं आणि मी टोचायला लागायचो. मी टुक टुक करत राहायचो आणि त्या शाबास शाबास म्हणत राहायच्या. गळ्यावर लाल ठिपके उठले. त्यावर त्यांनी हळद लावली. जागा आता सुपारीएवढी नव्हती, आवळ्याएवढी होती.

आवाजही बसला. खिडकीतून दोरीनं टोपली खाली सोडताना त्या हाक मारायच्या, ती भाजीवाल्यापर्यंत पोचेनाशी झाली. "चाची, गला बैठ गया? अदरक ले जाइए," तो खालून ओरडायचा. घरातले म्हणायचे, पहाटे कार्तिकस्नानाला जाते, पाणी गार असतं, आवाज बसणारच. बिंदुमाधवाच्या देवळातल्या काकड्याला ज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, त्या नुसत्या ओठ हलवून येत.

याच दिवसांत साताऱ्याचे दत्तात्रेयकाका बायकोचं वर्षश्राद्ध करायला आले आणि आमच्याकडे उतरले. पुढच्या खोलीत गुरुजी त्यांना नेहमीचं विचारत होते. नाव, गोत्र, तिथी. हे सगळं गुरुजी रोज विचारतात, दुकानदारानं माप विचारावं तसं, शांतपणे.

"कशानं गेल्या?"

"काखेत गाठ होती," काका म्हणाले. "तिनं सांगितलं नाही. मला दिसत होतं, पण मीही विचारलं नाही. विचारलं असतं म्हणजे ती खरीच झाली असती, असं वाटायचं हो."

पुढचा प्रश्न आला नाही. मला वाटलं, गुरुजी उठून गेले की काय.

जेवण झाल्यावर काका हात पुसत कोनाड्यापाशी आले आणि त्यांनी मला उचललं. "हे दाढीचं मशीन का, वहिनी?"

सीताबाईंनी मला त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. "काका, तुमच्या छातीत पेसमेकर आहे म्हणालात ना? मग याच्या वाटेला जाऊ नका. धोका असतो." दुसऱ्यासाठीची ओळ त्यांना बरोबर आठवली.

दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी ठुशीची डबी उघडली आणि ती पटव्याकडे, दागिने गाठणाऱ्याकडे, घेऊन गेले. दोर वाढवून आणला. सीताबाईंनी सांगितलं नव्हतं. डबी परत ठेवली. थोड्या दिवसांनी ती पुन्हा घेऊन गेले.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र घरात आलं तर कागदावरची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचा. जेलशिवाय लावू नका. गळ्याच्या मधोमध लावू नका. टोचलं, लाल झालं तर थांबा. पण माझं मागणं यापेक्षा साधं आहे. मला लावण्याआधी आपला हात लावा. आईच्या गळ्याला, आजीच्या पाठीला. हाताला वेगळं काही लागलं, तर ते तोंडानं म्हणा. तुम्हाला म्हणता येतं. मी टुक करण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

लग्नाला आठवडा उरला असताना मालविका घरी आली. नवं जेल घेऊन आली होती. आईचा गळा बघून तिनं बॅगही खाली ठेवली नाही.

"आई, हे लाल कशानं झालं?"

"जेल संपलं होतं. गंगाजल लावत होते."

"अगं, मला सांगायचं ना."

"तू कामात असतेस," सीताबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"बस इथे. मी दाखवते कसं करायचं ते. आत्या, टॉवेल दे."

तिनं आईला आरशासमोर बसवलं. एका हातात मला धरलं, चालू केलं, आणि दुसऱ्या हातानं जेल चोपडायला सुरुवात केली. आधी गाल, मग हनुवटी. इतके महिने तिनं तो गळा फक्त फोनवर पाहिला होता. आता तिची बोटं खाली उतरली, मधोमध आली आणि थांबली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता.

"इथे जरा..." ती म्हणाली. "चरबी असेल."

"असेल," सीताबाई म्हणाल्या. "आवर ना लवकर. बांगड्या भरायला जायचंय."

"वहिनींनी रुखवताचे लाडू आधीच..." मृणालिनीताईंनी सुरुवात केली, आणि टॉवेल तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या.

मी हवेत होतो. मला कुणाची कातडी लागत नव्हती. टुक, मी म्हणालो. टुक. टुक.

गुरुजी दारात उभे होते, डबी हातात घेऊन. दोर आता याहून वाढत नाही, असं पटव्यानं सांगितलं होतं. त्यांनी डबी खाली ठेवली.

"मालविका, ते बंद कर."

तिनं मला बंद केलं. त्यानंतर मला कुणी चालू केलेलं नाही.

गुरुजी सीताबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसले. रोज परक्यांना विचारतात तो शांत आवाज त्यांनी काढून पाहिला, तो निघाला नाही. मग जो निघाला त्या आवाजात ते म्हणाले,

"सीते, ही गाठ आहे. नीरजाताईंना होती, तशीच."