चासी कुजली आहे

माझ्या सासऱ्यांना, मारिमुत्तूंना, मरताना एकाच गोष्टीची लाज वाटत होती. आपल्या हातून गाडी कुजली, ही.

चहाच्या मळ्यानं जुन्या लँडरोव्हर विकायला काढल्या तेव्हा त्यांनी एक घेतली आणि डोंगरातल्या ब्रिंचांग गावच्या उतारावर, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, उरलेलं आयुष्य तिच्याखाली पडून काढलं. आमच्या डोंगरात धुकं आणि पाऊस कधी सुट्टी घेत नाहीत. गाडी चिखलातून आली की सासरे आधी चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळीत नळी घालून ती धुवायचे, वाऱ्यावर वाळवायचे आणि मग वापरलेलं इंजिन ऑइल आत ओतायचे. "वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याला काही होत नाही. गाडी मरते ती पोटातून," असं म्हणायचे. शेडच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती. एखादी आकृती रिकामी दिसली की अत्तैंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, नावानं हाक. कारण पाना नेऊन नारळ फोडणाऱ्या त्याच.

छाती भरून सासऱ्यांनी अंथरूण धरलं तेव्हा खालच्या इपोह शहरातून जयसीलन आला. जुन्या गाड्या घ्यायचा, विकायचा. गोड माणूस. आल्या आल्या अत्तैंच्या पाया पडला. "अक्का, नुसती बघतो हं गाडी," म्हणाला. हातोडी घेऊन शेडमध्ये गेला, थोडा वेळ ठोकाठोक केली आणि मूठभर गंज आणून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

"चासी कुजली आहे, अण्णा. एक दिवस मधोमध मोडेल. घरच्यांना हिच्यात बसवू नका."

सासऱ्यांनी तो गंज अंगठ्यानं चुरून बघितला. "मी दरवर्षी ऑइल ओतत होतो," म्हणाले.

"ओतलं असेल. पोचलं नसेल."

गाडी भंगाराच्या भावात गेली. सासऱ्यांनी त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. शेवटी शेवटी झोपेतही पुटपुटायचे, "पोचलं नसेल."

वर्ष सरलं. डोळे तपासायला मी अत्तैंना इपोहला घेऊन गेले होते. परतताना जयसीलनच्या दुकानाच्या काचेमागं ती गाडी दिसली. हिरवागार नवा रंग, चकचकीत दिवे. पण डॅशबोर्डवरची मूठ तीच, सासऱ्यांनी जुन्या सायकलच्या हँडलची वेल्ड केलेली. जयसीलन दुकानात नव्हता. अत्तै सरळ आत गेल्या, "कानातलं पडलं गं माझं," म्हणाल्या आणि साडीसकट गाडीखाली शिरल्या. दुकानातला पोऱ्या बघतच राहिला. मला खालून किल्लीनं ठोकल्याचा आवाज आला. ठण्ण. पुढं सरकून पुन्हा ठण्ण.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना काळं ऑइल होतं.

घरी हात धुताना म्हणाल्या, "चासी तीच आहे, कोकिला, आणि खणखणीत आहे. यांचं ऑइल अजून आत ओलं आहे. त्या मेल्यानं फक्त पंख बदललेत."

पंख म्हणजे चासीला दोन्ही बाजूंना जोडलेले आधार. पातळ पत्र्याचे असतात, ते सगळ्यांचेच गंजतात. एका दिवसात नवे बसवता येतात. जयसीलननं तिथला गंज खरवडून सासऱ्यांच्या हातावर ठेवला होता.

"पोलिसात जाऊ या," मी म्हटलं.

"काय सांगू? आम्ही आपल्या हातानं विकली म्हणून? चोरून नेली असती तर मी सोडून दिलं असतं. त्यानं माझ्या नवऱ्याला मरताना नालायक ठरवलं. त्याचं तोंड मी त्याच्याच शब्दांनी भरीन."

आमच्या ओळखीच्या आह हॉकच्या कोबीच्या शेताशेजारी, ओढ्यालगत, एक फार जुनी लँडरोव्हर पडून होती. दिवे जाळीच्या आत असलेली, संग्रह करणारे जिच्यासाठी जीव टाकतात तसली. अत्तैंनी तिच्याखाली वाकून एकदा ठोकलं. आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा आला.

"आंटी, ही कुजलीय," आह हॉक म्हणाला. "पार गेलीय. कोंबड्यासुद्धा हिच्याखाली बसत नाहीत."

"म्हणूनच पाहिजे," अत्तै म्हणाल्या आणि ती ओढून आमच्या शेडमध्ये आणवली.

सेल्वम, माझा नवरा, सिंगापूरला कामाला. घरात आम्ही दोघीच. मला वाटायचं, सासरे गाडीखाली असताना अत्तैंनी जन्मभर उजेडासाठी नुसती बॅटरी धरली. पण बॅटरी धरणाऱ्यालाच सगळं दिसतं. त्यांनी पहिल्या दिवशी मला बजावलं, "जॅकवर विश्वास ठेवून कधी खाली शिरायचं नाही. जॅक हा जावई आहे, कधी रुसेल सांगता येत नाही. आधी ओंडके लाव." गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं पांढरं निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. ते काढलं, डिझेलनं धुतलं, नवं भरलं. जाम झालेल्या नटांवर रोज सकाळी तेल सोडायचं आणि जोर करायचा नाही. आठवड्यानं नट आपण होऊन फिरले. ब्रेकमधली हवा काढताना मी पेडलवर आणि त्या चाकापाशी.

"दाब! धर! अगं धर म्हटलं ना, इडलीचं पीठ ढवळतेयस का?"

"पेडल मऊ लागतंय."

"मग अजून हवा आहे. पुन्हा पहिल्यापासून."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला लागलं. पत्रा आरशासारखा झाला. पंख अत्तैंनी नवे, जाड पोलादाचे लावून घेतले. चासीला मात्र हात लावला नाही. भोकं बुजवली नाहीत, रंगही दिला नाही.

"त्यानं खाली नीट बघितलं तर?" मी विचारलं.

"तो बघायला येतच नाही. काय बोलायचं ते घरून ठरवून येतो. पंख घट्ट लागले की गाडी चांगली म्हणून मनात खूश होईल, आणि तोंडानं कुजली म्हणेल."

"आणि त्यानं ती कुणा गरिबाच्या गळ्यात मारली तर? माणूस मरेल, अत्तै."

त्या पाना पुसत राहिल्या. "पुढच्या महिन्यात इपोहला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. असली गाडी तो आधी तिथंच मिरवायला नेणार, ट्रकवर घालून. मेळाव्याला मी असेन."

मला ते पटलं नाही. तरी पॉलिशचं फडकं मी उचललं.

अत्तैंनी स्वतः फोन केला. जयसीलन दुसऱ्या दिवशी हजर. गाडी बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ते मला लांबूनही कळलं. तरी तोंड पाडून तो वाकला, पंखांत स्क्रू ड्रायव्हर खुपसायला गेला. जाईना. उठला आणि मान हलवली.

"अक्का, कसं सांगू? चासी कुजली आहे."

आह हॉक आणि दोन शेजारी मुद्दाम चहाला बोलावलेले होते. अत्तैंनी पदर डोळ्याला लावला. "खरंच का हो? नक्की?"

"अगदी पार. आत काही राहिलं नाही."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? साहेब म्हणतात कुजली. आम्हा बायकांना काय कळतं! साहेब म्हणतील ते खरं."

त्यानं भंगाराच्याच भावात ती उचलली. ट्रक वळणापलीकडं गेला तसा आह हॉक इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. अत्तै हसल्या नाहीत.

मेळाव्याच्या दिवशी आह हॉकही आमच्याबरोबर निघाला, पण बस उशिरा पोचली. मैदानात शिरतो तर काय, ती गाडी फिरत होती! जयसीलननं ती नुसती मिरवायला उभी केली नव्हती, गिऱ्हाईकही गाठलं होतं. एक शिक्षक चालवत होता, मागं त्याची म्हातारी आई दांडी धरून बसलेली, आणि समोर खड्ड्यांचा चढ होता. अत्तैंना मी आयुष्यात कधी पळताना बघितलं नव्हतं. चपला टाकून त्या धावल्या आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभ्या राहिल्या. गाडी कचकन थांबली.

"आईला उतरव आधी!" त्या ओरडल्या. आवाज चिरला होता. मी म्हातारीला हात देऊन खाली उतरवलं.

जयसीलन धावत आला. "काय तमाशा आहे हा?"

तेवढ्यात माणसं जमली. अत्तैंनी श्वास घेतला आणि पिशवीतून हातोडी काढली. "साहेब, गाडी विकताना यांना काय सांगितलंत?"

"मूळ चासी आहे, खणखणीत," शिक्षकच म्हणाला.

"आणि माझ्या दारात म्हणालात, कुजली आहे, आत काही राहिलं नाही. चार जणांदेखत. त्यातला एक हा आह हॉक. मग खरं कुठलं?"

जयसीलन हसायला गेला. अत्तै वाकल्या, ठोकलं. पुठ्ठा. स्क्रू ड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. शिक्षकाच्या आईनं तोंडावर हात ठेवला. मग अत्तै त्याच्या तंबूपाशी उभ्या असलेल्या हिरव्या गाडीकडं गेल्या. हातोडी मारली. ठण्ण झालं, मैदानभर ऐकू गेलं.

"ही माझ्या नवऱ्याची, मारिमुत्तूंची गाडी," त्या म्हणाल्या. "ही कुजली म्हणून यानं त्यांच्या हातावर गंज ठेवला. ते त्या लाजेनं गेले. आता तुमच्यापैकी ज्यानं ज्यानं याला गाडी दिलीय, त्यानं आठवून बघा."

आठवायला वेळ लागला नाही. गर्दीतून एक म्हातारा पुढं आला, मग त्याच्यामागं आणखी. कुणी कॉलर धरली, कुणी पैसे मागितले. आम्ही थांबलो नाही.

परतीच्या बसमध्ये अत्तै खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "ती म्हातारी पडली असती तर मी आणि तो एकाच पारड्यात." आणि थोड्या वेळानं, "तरी त्याचं तोंड बघितलंस ना?"

जयसीलनचं दुकान दिवाळीपर्यंत बंद पडलं. मग एका दुपारी तोच हिरवी गाडी चालवत आमच्या दारात आला. वाळला होता. किल्ली पुढं केली. "अक्का, ही घ्या. पैसे नकोत. लोकांना एकदा सांगा की मिटलं म्हणून."

अत्तैंनी किल्लीला हात लावला नाही. त्याला भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोपुढं उभं केलं. "त्यांना सांग."

तो खाली बघत पुटपुटला, "चासी चांगली होती, अण्णा."

"मोठ्यानं. ते कानानं अधू होते."

"चासी चांगली होती!"

"आणि ऑइल?"

शेजारीपाजारी दारात जमले होते. "पोचलं होतं, अण्णा. सगळीकडं पोचलं होतं."

"आता जा," अत्तै म्हणाल्या. किल्ली फोटोखाली ठेवून तो गेला, पायीच. मिटलं असं त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मिटलं असतं तर सांगितलं असतं," आणि ग्रीसगन माझ्या हातात देऊन गाडीखाली शिरल्या.