शेवटचा घोट

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. मित्रांनो, महापालिकेच्या संग्रहालयातल्या या दालनात मानाची तलवार आहे, चांदीची किल्ली आहे. खरे तर बोलायचे त्यांनी. मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण तुम्ही काचेला नाक लावून उभे राहता, खालची पाटी वाचता आणि निघून जाता, म्हणून धीर करते.

माझा जन्म कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आकार देऊन मला घडवले, अंगावर जाड लोकरी कापड शिवले, बूच हरवू नये म्हणून त्याला साखळी लावली. मग मी एका तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या कमरेला आले.

त्यांचा एक नियम होता. पाणी कमी पडले की मी सर्वांत धाकट्या जवानापासून फिरायला लागे आणि अखेरीस त्यांच्याकडे परत येई. तोवर माझ्यात ओठ ओले होतील एवढेच उरलेले असे. एक थट्टेखोर हवालदार म्हणायचा, "साहेब, तुम्ही पाणी कुठं पिता, बाटलीचा मुका घेता." सगळे हसत, साहेबही हसत. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

निवृत्तीनंतर लोकांनी त्यांना निवडणुकीला उभे केले आणि ते शहराचे महापौर झाले. मी त्यांच्या खांद्याला लटकून कचेरीत जाऊ लागले. एका वर्षी तलाव आटला. नळ बंद झाले, टँकर आले. कोणत्या गल्लीला आधी पाणी, यावर सभागृहात भांडण जुंपले. साहेब उठून म्हणाले, "माझी गल्ली शेवटी." भांडण तिथेच मिटले. खूप टाळ्या पडल्या.

घरी त्यांच्या पत्नीने टाळ्या वाजवल्या नाहीत. पत्नीचे हृदय दुबळे होते.

"अहो, आपण तिसऱ्या मजल्यावर. आपला टँकर शेवटी, भर दुपारी येणार; तेव्हा घरी दुसरं कुणी नसतं. डॉक्टरांनी मला वजन उचलू नका म्हटलंय."

"पाणी चढवायला माणूस लावतो कुणीतरी."

"कधी?"

"बघतो."

ते बघणे राहून गेले. अख्खे शहर तहानलेले होते.

एका दुपारी साहेब लवकर घरी आले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पत्नी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी भरलेली बादली. एक थेंब सांडलेला नव्हता. साहेबांनी गुडघे टेकले, माझे बूच काढले. पत्नीने डोळे उघडले.

"आज माझा पहिला नंबर?" त्या म्हणाल्या.

साहेबांनी मला पत्नीच्या ओठांना लावले. मी काठोकाठ भरलेली होते, मित्रांनो. पण पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळले. तो घोट आत गेलाच नाही.

सांत्वनाला आलेली माणसे गेल्यावर साहेबांची मुलगी तीच बादली जवळ घेऊन बसली होती. "बाबा, तुमचा नियम चांगला होता," ती हळूच म्हणाली. "अधिकाऱ्यानं शेवटी प्यायचं. पण आई कधी फौजेत भरती झाली होती?"

साहेबांनी त्यानंतर मला खांद्याला लावले नाही.

आता मी इथे आहे. पाटीवर लिहिले आहे, 'सर्वांना पाजून शेवटी प्यायलेल्या महापौरांची बाटली'. साहेब एकदाच आले, काठी टेकत. दालनाच्या रखवालदाराला म्हणाले, "ही पाटी काढा."

"का हो साहेब? काही चुकलंय?"

"चुकलं नाही. अर्धंच लिहिलंय."

"ठराव करून लावलीय साहेब. अशी कशी काढू?"

साहेबांनी काचेवर तळहात ठेवला, मग ते काठी टेकत निघून गेले. कापडाखाली मी कोरडी ठणठणीत होते.

मित्रांनो, पाटी खोटी नाही. रांगेत मागे उभे राहायला मोठे मन लागते. पण राहायचे तर स्वतः राहा. घरच्या माणसाला न विचारता त्याचा हात धरून मागे नेऊ नका. आज घरी गेल्यावर जी व्यक्ती तुमच्यासाठी पाणी भरते, तिला पहिला पेला द्या. मीच दिला असता, पण माझ्यात आता पाणी नाही. तुमच्या घरी आहे.