पाचवी साक्ष

प्रभुभोजनाच्या आठवड्यात लुइस बेटावरच्या घरांना दारं असून नसल्यासारखी असतात. गुरुवारी शेजारच्या चर्चच्या मंडळ्यांतून आलेली माणसं सोमवारपर्यंत हलत नाहीत, आणि जो बाकावर येऊन बसेल तो आपला पाहुणा. एफीला एरवी याचा अभिमान वाटायचा. या वर्षी मात्र सूपचा एकेक वाडगा भरताना तिच्या मनात येत होतं, की या साऱ्या काळ्या कोटवाल्यांना उठवावं आणि वाऱ्यात उभं करावं.

कारण तिची पोर त्या पंगतीत नव्हती. शोनाग मागच्या शेडमध्ये बापाच्या मागासाठी कांड्या भरत बसली होती. "एवढ्या लोकांत मला नको, आई," एवढंच बोलून ती सकाळी शाल गुंडाळून तिकडे गेली होती.

शोनाग नॉर्मनच्या दुकानात कामाला होती. नॉर्मन हा गावचा एकुलता दुकानदार आणि मंडळीचा पंच. तो प्रार्थनेला उभा राहिला की बायका डोळे पुसायच्या. फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्याने शोनागला मागच्या कोठारात धरलं. झटापटीत तिचं कोपर फुटलं, कोट तिथेच राहिला, आणि ती तशीच गारठ्यात घरी पळत आली. एफी तिला घेऊन पाळकांकडे गेली. मग पंचांनी तिला चर्चच्या मागल्या खोलीत बोलावलं, सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि निवाडा दिला: मुलीच्या बोलण्यात मेळ नाही. पाळकांना म्हणाली अंधार होता, पंचांना म्हणाली त्याचा चेहरा दिसला. आधी म्हणाली त्याने दार लावलं, मग म्हणाली दारातून दिव्याचा उजेड येत होता. तेव्हा ही खोटी साक्ष, आणि तसं कबूल करून क्षमा मागेपर्यंत तिला बिल्ला नाही.

तो शिशाचा चिमुकला बिल्ला शनिवारी हातात पडतो. तो नसला तर रविवारी प्रभूच्या मेजापाशी जाता येत नाही. मागच्या बाकावर बसायचं, आणि सारं गाव मान वळवून बघणार. शोनागला तो गेल्या वर्षीच मिळाला होता. एवढ्या लहान वयात, म्हणून गावाने तिला डोक्यावर घेतलं होतं. आता तेच गाव तिला बघून रस्ता ओलांडत होतं.

निवाड्याआधी पंचांचा विचारविनिमय चालू असताना नॉर्मन तेवढा बाहेर जाऊन उभा राहिला. नंतर आत येऊन त्याने सगळ्यांशी हात मिळवले. शोनागच्या बापाशीही मिळवला, आणि बापाने तो घेतला! हा बाप, फिनले, तोही पंच, शिवाय मंडळीत स्तोत्र उचलून देणारा. त्याने ओळ लावून दिली की मग बाकीच्यांनी गायचं. "पंच म्हणून मला घरचं-परकं करता येत नाही," असं तो त्या रात्री एफीला म्हणाला होता. घरात त्याने पोरीला एका शब्दानेही काही विचारलं नव्हतं.

आज शुक्रवार, म्हणजे प्रश्नाच्या सभेचा दिवस. एकाने शास्त्रातलं वचन द्यायचं, पुरुषांनी उठून त्यावर बोलायचं आणि बायकांनी ऐकायचं. सभा संपली तरी पुरुषांची तोंडं थांबत नाहीत, ती जेवणाच्या टेबलावर येतात. आजही आलीच. जेवायला आलेल्या म्हाताऱ्या मर्डोकाकांचा ग्लासगोचा जावई टॉर्किल, जहाजाच्या कारखान्यातला इंजिनिअर, मटणाच्या सुपात ओटची भाकरी बुडवत म्हणाला, "फिनलेकाका, रागावू नका हं. पण येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं नेमकं झालं काय? शास्त्रात एक लिहितो, त्याने गळफास घेतला. दुसरा लिहितो, पालथा पडला आणि पोट फुटलं. माणूस एक आणि मरणं दोन!"

"त्यात काय अवघड आहे? फास घेतला, दोर तुटला, खाली पडला."

"दोर तुटला असं कुठे लिहिलंय?"

"नाही तुटला असं तरी कुठे लिहिलंय?"

टेबल हसलं. मर्डोकाका म्हणाले, "जावईबापू, तुमच्या कारखान्यात दोर तुटत नाहीत वाटतं?"

"बरं, ते सोडा. येशूच्या कबरेपाशी देवदूत एक होता की दोन?"

"दोन होते, बोलला एक. ज्याच्या लक्षात बोलणारा राहिला, त्याने एक लिहिला."

"आणि तेव्हा उजाडलं होतं का? मार्क म्हणतो सूर्य उगवला होता. योहान म्हणतो अजून अंधार होता. शास्त्रात विसंगती नाही म्हणता, मग ही काय आहे?"

फिनले याचीच वाट बघत होता. त्याने चमचा बाजूला ठेवला, खुर्ची जरा मागे सरकवली. एफीला ती खुर्ची सरकवण्याची तऱ्हा पाठ होती. आता प्रवचन.

"कबरेवर गेलेल्या बायका घरून निघाल्या तेव्हा अंधार होता, पोचेपर्यंत उजाडलं. झालं! आणि मी तुला सांगतो टॉर्किल, येशूची कथा लिहिणाऱ्या चौघांनीही अक्षर न् अक्षर सारखं लिहिलं असतं ना, तर मीच म्हणालो असतो की हे आधी ठरवून आलेत. खरं सांगणारा माणूस पाठ करून येत नाही. त्याला जसं आठवतं तसं तो सांगतो. थोडंफार इकडचं तिकडे झालं, तर ती खरेपणाची खूण असते, खोटेपणाची नाही."

"व्वा!" कोणीतरी म्हणालं.

एफीच्या हातात बटाट्यांचं पातेलं होतं. ते तिने फिनलेच्या ताटाशेजारी आदळलं, तसं गरम पाणी उडून पाहुण्यांच्या बाह्यांवर सांडलं.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालास ना, ते पुन्हा म्हण. मला नीट ऐकू दे. थोडंफार इकडचं तिकडे झालं, तर ती कशाची खूण असते?"

"एफी, पाहुणे बसलेत."

"बसू देत! पाहुण्यांनाही कळू दे आपण काय खातोय नि काय बोलतोय. कबरेपाशी अंधारही होता आणि उजेडही होता, ते तुला चालतं. त्या बायकांना तू घरून निघताना अंधार देतोस, वाटेत सूर्य उगवून देतोस, यहूदाचा दोर तोडून देतोस. कुणी मागितलंही नाही तुझ्याकडे! आणि माझ्या पोरीला? कोठारात काळोख असतो आणि पुढे दुकानात दिवा असतो, दार लावायच्या आधी उजेड असतो आणि लावल्यावर नसतो, एवढी साधी गोष्ट त्या खोलीत एकालाही सुचू नये?"

फिनलेचे कान लाल झाले. "ते देवाचं वचन आहे. ते आणि हे एका तागडीत घालू नकोस."

"देवाच्या वचनाला तुझी वकिली कशाला हवी रे? ते आपल्या पायावर उभं आहे. वकील हवा होता तो एकोणीस वर्षांच्या पोरीला, आणि तेव्हा तुझी वाचा बसली होती!" एफीचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "आणि त्या बायका धावत येऊन कबर रिकामी आहे म्हणून सांगायला लागल्या तेव्हा बाप्यांनी काय केलं, तेही सांग की या टॉर्किलला. लूकने लिहिलंय, तूच वाचून दाखवतोस आम्हाला. त्यांना ती बडबड वाटली. बायकांची बडबड! एवढं मात्र चौघांच्या काळापासून काही बदललेलं नाही."

टॉर्किलने भाकरीचा तुकडा हळूच ताटात ठेवला. "काकू, मला काही ठाऊक नव्हतं," तो पुटपुटला.

मर्डोकाकांनी मिशा पुसल्या. म्हातारा बेटावरच्या सगळ्या प्रश्नसभांना गेलेला, पण आता त्याने अगदी साधं विचारलं. "फिनले, तू पोरीला विचारलंस का?"

"पंचांपुढे ऐकलं मी सगळं."

"ते पंचाने ऐकलं. बापाने विचारलं का?"

फिनले उठला. जेवणानंतरची आभाराची प्रार्थना न म्हणताच तो मागच्या दाराने निघून गेला. या घरात असं कधी झालं नव्हतं. एफी सुपाचा डाव उचलून तशीच त्याच्या मागे निघाली. 'कबूल करून मोकळी हो' असं काही तो पोरीला म्हणाला असता, तर तिने त्या डावाचा उपयोग केला असता.

शेडच्या दाराशी ती थांबली. आत चाक फिरत होतं. फिनले टोपी हातात धरून उभा होता.

"शोनाग, काय झालं ते मला सांग."

शोनागने चाक थांबवलं नाही. "तिसऱ्यांदा सांगितलं तर तिसरंच काहीतरी निघेल, बाबा. मग तुम्ही पुन्हा मेळ घालत बसाल."

फिनले मागाच्या फळीवर बसला. "निघू दे," तो म्हणाला. "मी मेळ घालणार नाही."

मग ती बोलायला लागली. वेगळंच निघालं. या वेळी कोट राहून गेला नव्हता. त्याने कोट घट्ट धरला होता आणि ती बाह्यांमधून निसटली होती. आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने पाळकांना सांगितली नव्हती, पंचांना नाही आणि आईलाही नाही. ती निसटताना तो मागून म्हणाला होता, "जा, सांग हवं त्याला. तुझा बापच तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

"हे तू तिथे का नाही बोललीस?" फिनलेचा आवाज ओळखू येत नव्हता.

"तुम्ही समोर बसला होता ना, बाबा."

एफी तिथून मागे फिरली. शेणाच्या ढिगाआड उभी राहून ती रडली, आणि रडता रडता नवऱ्याला तोंडाला येईल ते बोलली. मग तोंड धुऊन तिने पाहुण्यांना चहा दिला.

शनिवारी सकाळी फिनले पंचांकडे गेला. प्रकरण मिटलेलं आहे, असं उत्तर घेऊन परत आला. सभेला मात्र तो पुढच्या, पंचांच्या बाकावर गेला नाही. तो थेट मागे आला, जिथे बिल्ला नसलेले बसतात, जिथे एफी आणि शोनाग बसल्या होत्या, आणि बाकाच्या टोकावर टेकला.

पाळकांनी स्तोत्र सांगितलं आणि ते थांबले. स्तोत्र लावणाऱ्याची पुढची खुर्ची रिकामी. माना वळायला लागल्या.

"फिनले," पाळक म्हणाले, "मंडळी थांबली आहे."

फिनले जागेवरच उभा राहिला. "आधी माझ्या मुलीचं ऐकून घ्या. नीट ऐका. मी ऐकलं नव्हतं. मग गाऊ." आणि तो खाली बसला.

पंचांच्या बाकावरून नॉर्मन उठला. घसा साफ करून त्याने स्वतःच पहिली ओळ लावली. आवाज बरा होता त्याचा. ओळ संपली, तो मंडळीने उचलायची वाट बघत राहिला. मर्डोकाकांनी पुस्तक मिटून गुडघ्यावर ठेवलं. बायकांच्या बाजूने कुणाचंच तोंड उघडलं नाही. त्याने तीच ओळ पुन्हा लावली, या वेळी जरा मोठ्याने, आणि मग पुस्तकात बघत उभा राहिला.

फिनले बाकाच्या टोकाशी कसाबसा टेकला होता. अर्धा तो बाहेरच लटकत होता. शोनागने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला नीट बसता यावं म्हणून आईच्या बाजूला सरकली. एफी सरकली नाही. हे त्याने फेब्रुवारीत करायला हवं होतं.